सेकंदाला ३७० किलोमीटर... पण कशाच्या संदर्भात?

निरभ्र (११ डिसेंबर, रात्री ९:१२)

पृथ्वी सूर्याभोवती सेकंदाला ३० किमी वेगाने फिरते हे शाळेत पाठ होतं, सूर्य आकाशगंगेच्या केंद्राभोवती २३०-२४० किमीने फिरतो हेही बऱ्याच जणांना माहीत असतं, पण त्याच्या पुढचा आकडा फारसा कोणी सांगत नाही. सीएमबी, म्हणजे महास्फोटानंतर उरलेलं आणि विश्वभर पसरलेलं जे मायक्रोवेव्ह प्रारण आहे, त्याच्या संदर्भात आपली सूर्यमाला सेकंदाला ३६९.८ किमी वेगाने चाललीये. प्लँक उपग्रहाच्या मोजमापात यातली अनिश्चितता फक्त ०.१ किमीच्या आसपास आहे. स्वतःच्या आकाशगंगेतला आपला वेग आपल्याला इतका नेमका माहीत नाही, पण अख्ख्या विश्वाच्या पार्श्वभूमीवरचा आहे, हे मला भयंकर आवडतं.

पद्धत म्हटली तर साधीच. सीएमबीचं सरासरी तापमान २.७२५५ केल्विन. आपण ज्या दिशेला चाललोय तिकडे ते ३.३६ मिलिकेल्विनने जास्त दिसतं, पाठीमागे तेवढंच कमी, आणि मध्ये एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हळूहळू उतरत जातं. यालाच डायपोल म्हणतात. डॉप्लर परिणाम लावला, ३.३६ मिलिकेल्विन भागिले २.७२५५ केल्विन केलं की प्रकाशाच्या वेगाचा ०.१२३ टक्का येतो, म्हणजेच ३७० किमी.

आता प्रश्न. हा फरक *सगळाच्या सगळा* आपल्या गतीमुळे आहे हे कशावरून? आणि दूरचे क्वेसार (फार लांबच्या दीर्घिकांची अतितेजस्वी केंद्रं) मोजून हाच वेग काढायला गेलं तर तो दुपटीहून जास्त येतोय त्याचं काय? माझं मत असं की येत्या काळात कॉस्मॉलॉजीतला सगळ्यात मोठा वाद हा असेल, हबल टेन्शनपेक्षाही (विश्वाच्या प्रसरणाचा वेग वेगवेगळ्या पद्धतींनी वेगळा येतो, त्या वादापेक्षाही) मोठा. तुम्हाला काय वाटतं?

शंकासुर (११ डिसेंबर, रात्री ९:४०)

पहिलीच शंका. सापेक्षतावाद म्हणतो की निरपेक्ष स्थिर असं काही नसतं. मग "विश्वाच्या संदर्भात वेग" ही भाषाच कशी चालते? १८८७ ला मायकेलसन आणि मोर्ली ईथरमधला, म्हणजे प्रकाश ज्यातून जातो असं तेव्हा मानायचे त्या माध्यमातला, पृथ्वीचा वेग शोधायला गेले आणि हाती काही लागलं नाही, तो विषय तिथेच संपला ना?

रानवारा (११ डिसेंबर, रात्री ९:५१)

वाचतेय. असे धागे हवेत अजून.

अक्षांश (११ डिसेंबर, रात्री १०:२५)

शंकासुर, संपला नाही, कारण दोन्ही प्रयोग वेगवेगळे प्रश्न विचारतात. मायकेलसन-मोर्ली बंद खोलीतला प्रयोग आहे. बाहेर न बघता, फक्त भौतिकीच्या नियमांवरून आपण चाललोय की थांबलोय हे ओळखता येतं का? उत्तर नाही, आणि ते आजही नाहीच आहे. सीएमबीचं मोजमाप म्हणजे खिडकी उघडून बाहेर बघणं. आर्यभटाने पाचव्या शतकात नावेचं उदाहरण दिलं होतं की नावेतून पुढे जाणाऱ्याला काठावरच्या स्थिर वस्तू मागे जाताना दिसतात तसे तारे पश्चिमेकडे जाताना दिसतात. काठ दिसतो म्हणून नावेचा वेग काठाच्या संदर्भात सांगता येतो, त्यासाठी काठ निरपेक्ष स्थिर असायची गरज नाही.

सीएमबी हा आपला काठ. ज्या चौकटीत ते सगळीकडून सारखंच दिसतं ती एक सोयीची चौकट, नियमांच्या दृष्टीने तिला काही विशेष दर्जा नाही. फक्त विश्वात जेवढं पदार्थ-प्रारण आहे त्याचा सरासरी "ठिय्या" तिथे आहे, म्हणून ती महत्त्वाची.

गंमत म्हणजे रिचर्ड म्युलर यांनी १९७८ मध्ये या शोधावर लिहिताना "नवा ईथर ड्रिफ्ट" असाच शब्द वापरला होता. तुमच्या मनात आलं ते त्यांच्याही मनात आलेलं.

शंकासुर (११ डिसेंबर, रात्री १०:३८)

पटलं बऱ्यापैकी. पण मग विश्वाचा केंद्रबिंदू वगैरे यात कुठेच येत नाही?

अक्षांश (११ डिसेंबर, रात्री १०:४१)

अजिबात नाही. प्रत्येक दीर्घिकेच्या जागी एक अशी चौकट असते जिथे सीएमबी समान दिसतं. कोट्यवधी प्रकाशवर्षं लांबच्या निरीक्षकालाही त्याच्या स्वतःच्या गतीचा डायपोल दिसेल, वेगळ्या दिशेला, वेगळ्या आकाराचा.

चित्रा_स्वाती (१२ डिसेंबर, सकाळी ७:०५)

कोणी दिशा सांगितली नाही अजून म्हणून मीच सांगते! आपण चाललोय ती जागा सिंह आणि चषक या तारकासमूहांच्या सीमेवर आहे, विषुवांश साधारण ११ तास १२ मिनिटं, क्रांती उणे ७ अंश. म्हणजे सिंहाच्या मागच्या पायांच्या खाली. मार्च ते मे मध्ये रात्री सिंह छान वर आलेला असतो तेव्हा मघा आणि उत्तरा ओळखा, त्यांच्या खाली दक्षिणेकडे फार ठळक तारे नसलेला जो भाग दिसतो तिकडे आपण सगळे मिळून निघालोय. बरोबर उलट दिशा येते मीन आणि महाश्व यांच्या हद्दीजवळ.

तिथे बघण्यासारखं डोळ्याला काहीच नाही, पण एकदा माहीत झालं की नजर तिकडे जातेच.

टवाळ (१२ डिसेंबर, सकाळी ८:३०)

थोडक्यात सगळ्या मानवजातीची रास सिंह. पत्रिका जुळवायचा प्रश्नच मिटला :)

चित्रा_स्वाती (१२ डिसेंबर, सकाळी ८:४४)

टवाळ, :D पण नीट बघितलं तर चषक बरं का, आणि चषक राशीचक्रातच नाही, त्यामुळे पत्रिका कोरीच राहणार.

आणि इतिहासातली एक गोष्ट यात जोडावीशी वाटते. सूर्य चालतो हे पहिल्यांदा मोजून दाखवलं विल्यम हर्शेलने १७८३ मध्ये. त्याच्याकडे मोजक्याच ताऱ्यांच्या सरकण्याच्या नोंदी होत्या, त्यावरून त्याने सांगितलं की सूर्य शौरी तारकासमूहाच्या दिशेने चाललाय. ती दिशा आजही बऱ्यापैकी बरोबर मानली जाते. पण ती गती आजूबाजूच्या ताऱ्यांच्या संदर्भात, सेकंदाला सुमारे २० किमी. म्हणजे हर्शेलचा शौरी आणि सीएमबीचा सिंह-चषक यात भांडण नाही, काठ बदलला की दिशाही बदलते.

आकडेमोड (१२ डिसेंबर, दुपारी १:१५)

चांगला धागा निघालाय म्हणून थोडी बेरीज-वजाबाकी, कारण या आकड्यांत एक गोष्ट अशी आहे की ती कळल्यावर मला पूर्ण चित्र उमगलं.

आपली आकाशगंगा, देवयानी आणि बाकीच्या छोट्या दीर्घिका मिळून जो स्थानिक समूह होतो त्याचा सीएमबीच्या संदर्भातला वेग आहे सेकंदाला सुमारे ६२० किमी. सूर्याचा ३७०. आता सूर्य तर त्याच समूहात आहे, मग त्याचा वेग इतका कमी कसा? कारण सूर्य आकाशगंगेत फिरतोय तो सध्या हंस तारकासमूहाच्या दिशेने, आणि समूह चाललाय जवळजवळ उलट दिशेला, वासुकी-नरतुरंगाच्या बाजूला. स्थानिक समूहाच्या संदर्भात सूर्याचा वेग साधारण ३०० आहे आणि तो ६२० मधून बराचसा वजा होतो. वेग सदिश आहे म्हणून सरळ वजाबाकी होत नाही, कोन धरावा लागतो, पण ढोबळमानाने हेच घडतं.

म्हणजे सूर्य आकाशगंगेभोवती अर्धी फेरी मारून पलीकडे गेला की, ज्याला अकरा-बारा कोटी वर्षं लागतील, हेच दोन वेग एकमेकांत मिळवले जातील आणि तेव्हा इथे कोणी डायपोल मोजला तर तो आजच्या दुपटीहून मोठा येईल!

अजून एक. पृथ्वीचे ३० किमी यात वर्षभर मिसळत-वजा होत असतात. पृथ्वीच्या गतीची दिशा सूर्य जिथे दिसतो त्याच्या ९० अंश मागे असते, हिशेब केला तर ती डायपोलच्या दिशेशी सगळ्यात जास्त जुळते डिसेंबरच्या मध्याला. म्हणजे *या आठवड्यात* आपण वर्षातल्या कमाल वेगाला आहोत, सुमारे ३९९ किमी. जूनच्या मध्याला हाच वेग ३४० वर येतो. निरभ्र, धागा काढायला मुहूर्त अगदी अचूक साधलात.

रानवारा (१२ डिसेंबर, दुपारी २:०२)

बाप रे, ३९९! आणि काही जाणवत नाही. दिवसाला किती होतात?

आकडेमोड (१२ डिसेंबर, दुपारी २:१०)

३७० धरले तर दिवसाला जवळपास ३ कोटी २० लाख किमी. पृथ्वी ते चंद्र एवढं अंतर सतरा-साडेसतरा मिनिटांत.

निरभ्र (१२ डिसेंबर, रात्री ८:५०)

आकडेमोड, तो वार्षिक बदल नुसती गंमत नाही, त्याचा उपयोग फार मोठा झालाय. पृथ्वीचा सूर्याभोवतीचा वेग आपल्याला कमालीचा अचूक माहीत आहे. त्यामुळे सीएमबीत वर्षभरात जो ०.२७ मिलिकेल्विनचा चढउतार दिसायला हवा तो आधीच काढता येतो. कोबे, डब्ल्यूमॅप आणि प्लँक, सीएमबी मोजणाऱ्या या तिन्ही उपग्रहांनी आपली उपकरणं याच चढउतारावर कॅलिब्रेट केली. म्हणजे आधी पृथ्वीच्या गतीने उपकरण पक्कं केलं आणि मग त्या उपकरणाने सूर्याची गती मोजली. ०.१ किमीची अचूकता आली ती त्यातूनच.

आणि अजून एक सांगायचं राहिलं, सीएमबीचे ते निळे-लाल ठिपक्यांचे प्रसिद्ध नकाशे सगळ्यांनी पाहिलेत, त्यातून हा डायपोल आधीच काढून टाकलेला असतो. ठिपके लाखात एक एवढ्या फरकाचे, डायपोल हजारात एक. तो काढला नाही तर नकाशात दुसरं काही दिसणारच नाही.

ओवी_के (१२ डिसेंबर, रात्री ९:३०)

मोजलं कसं पहिल्यांदा? उपग्रह तर नंतर आले ना?

अक्षांश (१२ डिसेंबर, रात्री १०:१२)

ओवी, त्याची कथा रंगतदार आहे. पेंझियास आणि विल्सन यांनी सीएमबी शोधलं ते १९६४-६५ मध्ये, तेव्हा ते सगळीकडून सारखंच वाटत होतं. आपण चालत असू तर फरक दिसायलाच हवा हे सगळ्यांना कळत होतं, १९६८ मध्ये पीबल्स आणि विल्किन्सन यांनी त्याचं गणितही मांडलं. मग सुरू झाली शोधाशोध. १९६९ ला कॉंकलिन, १९७१ ला हेन्री, नंतर कोरी आणि विल्किन्सन, कोणी डोंगरावरून तर कोणी बलूनमधून. संकेत दिसत होता पण वातावरण आणि आपल्याच आकाशगंगेचं प्रारण इतकं मध्ये यायचं की खात्री देता येईना.

खात्री पटली १९७७ ला. स्मूट, गोरेन्स्टाइन आणि म्युलर यांनी नासाच्या यू-२ विमानात ३३ गिगाहर्ट्झचा रेडिओमीटर बसवला. हो, तेच यू-२, हेरगिरीसाठी बनवलेलं, २० किमी उंचीवर जाणारं. त्या उपकरणाची युक्ती अशी की ते एका जागचं तापमान मोजतच नव्हतं. एकमेकांशी ६० अंशांवर असलेले दोन हॉर्न, आणि फक्त त्या दोघांतला *फरक* नोंदायचा, त्यात दोघांच्या जागा सारख्या बदलत राहायच्या म्हणजे उपकरणातला दोषही कापला जातो. उत्तर आलं ३९० अधिक-उणे ६० किमी. आजच्या ३७० शी किती जुळतं बघा!

सगळ्यांना धक्का बसला तो दिशेचा. अपेक्षा अशी होती की सूर्य हंसाकडे चाललाय तर डायपोलही त्याच बाजूला असेल. तो निघाला उलट बाजूला. याचा अर्थ एकच, अख्खी आकाशगंगाच सेकंदाला ६०० किमीने दुसरीकडे चाललीये. तोवर एवढ्या मोठ्या वेगाची कोणी अपेक्षाच केली नव्हती.

टवाळ (१२ डिसेंबर, रात्री १०:२०)

हेरगिरीच्या विमानाने शेवटी देवाचीच हेरगिरी केली.

रानवारा (१३ डिसेंबर, सकाळी ९:१८)

एक बाळबोध प्रश्न. हे प्रारण सगळीकडे भरलेलं आहे आणि आपण त्यातून जातोय, तर त्याचा अडथळा होत नाही का? हळूहळू आपला वेग कमी व्हायला हवा.

अक्षांश (१३ डिसेंबर, सकाळी ११:००)

प्रश्न बाळबोध मुळीच नाही. तत्त्वतः अडथळा आहे, पुढून येणारे फोटॉन किंचित जास्त ऊर्जेचे म्हणून ते मागे ढकलतात. पण घनसेंटीमीटरला साधारण ४११ फोटॉन आणि प्रत्येकाची ऊर्जा नगण्य, त्यामुळे ग्रह-ताऱ्यांवर परिणाम शून्य धरायला हरकत नाही. याच्यापेक्षा मोठा परिणाम प्रसरणाचा. गुरुत्वाकर्षणाने ओढत राहणारं कोणी नसेल तर विश्व जितक्या पटीने पसरेल तितक्या पटीने असा वेग घटतो. आपल्याला ६२० मिळालेत ते आजूबाजूच्या पदार्थाने अब्जावधी वर्षं ओढत राहिल्यामुळे.

ओवी_के (१३ डिसेंबर, सकाळी ११:२०)

कोण ओढतंय? ग्रेट अट्रॅक्टर म्हणतात तोच का, दीर्घिकांना आपल्याकडे ओढणारा तो पदार्थाचा मोठा साठा?

अक्षांश (१३ डिसेंबर, दुपारी १२:०५)

तो एक भाग. नॉर्मा दीर्घिकासमूहाच्या परिसरात तो आहे, आपल्याच आकाशगंगेच्या धुळीआड, म्हणून बघायला अवघड. त्याच्याही खूप मागे शॅप्ली महासमूह आहे, तोही ओढतो. २०१४ ला टली आणि सहकाऱ्यांनी दीर्घिकांच्या गतींवरूनच आपल्या महासमूहाची हद्द आखली आणि नाव दिलं लानिआकेआ. २०१७ ला त्याच मंडळींनी दाखवलं की उलट बाजूला एक मोठी जवळपास रिकामी पोकळी आहे, तिथे पदार्थ कमी म्हणून तिकडची ओढही कमी, त्यामुळे ती आपल्याला ढकलतेय असंच दिसतं. त्याला डायपोल रिपेलर म्हणतात.

शंकासुर (१३ डिसेंबर, सायं ६:३०)

मूळ प्रश्नाकडे येऊ का? निरभ्र यांनी विचारलं की डायपोल पूर्ण आपल्या गतीचाच आहे हे कशावरून, आणि त्याचं उत्तर अजून कोणी दिलेलं नाही. समजा विश्वच मुळात एका बाजूला किंचित गरम असेल तर? तापमानाचा फरक तर तसाच दिसेल.

निरभ्र (१३ डिसेंबर, रात्री ९:०५)

नेमकं हेच. फक्त तापमानाच्या डायपोलवरून या दोन शक्यता वेगळ्या करताच येत नाहीत. पण गतीचा अजून एक परिणाम असतो, ॲबरेशन. चालणाऱ्याला सगळ्या दिशा पुढच्या बाजूला किंचित सरकलेल्या दिसतात. ब्रॅडलीने १७२८ मध्ये ताऱ्यांच्या जागांमध्ये हे पकडलं होतं, तेव्हा कारण होतं पृथ्वीचे ३० किमी. ३७० किमीला हे सरकणं जास्तीत जास्त ४.२ कला येतं, म्हणजे पौर्णिमेच्या चंद्राच्या व्यासाच्या साधारण सातवा भाग. त्यामुळे सीएमबीतले बारीक ठिपके पुढच्या बाजूला थोडे आक्रसलेले आणि मागच्या बाजूला थोडे ताणलेले दिसायला हवेत. विश्व नुसतंच एका बाजूला गरम असेल तर हे याच प्रकारे होणार नाही.

प्लँकच्या टीमने २०१३ मध्ये हे शोधलं. उत्तर ३८४ किमी, सांख्यिकी अनिश्चितता ७८ आणि पद्धतीतली अजून ११५. शोधनिबंधाच्या शीर्षकात त्यांनी गॅलिलिओच्या नावावर सांगितलं जाणारं वाक्य टाकलं, "एप्पूर सी मुओव्हे", तरीही ती फिरतेच! मला ते शीर्षक वाचूनच आनंद झाला होता.

त्यामुळे डायपोलचा मोठा भाग आपल्या गतीचा आहे हे नक्की. पण अनिश्चितता एवढी मोठी आहे की थोडासा भाग मूळचा असेल तर तो यात लपू शकतो.

मोजणीदार (१३ डिसेंबर, रात्री ११:४५)

आता खरा मुद्दा येतोय म्हणून लिहितो, लांबेल.

१९८४ मध्ये एलिस आणि बाल्डविन यांनी एक चाचणी सुचवली. तापमान बघूच नका, दूरचे रेडिओ स्रोत *मोजा*. आपण चालत असू तर पुढच्या बाजूला दोन गोष्टी होतात. ॲबरेशनमुळे स्रोत दाटीने दिसतात, आणि डॉप्लरमुळे ते किंचित उजळ होतात, त्यामुळे जे अंधुक स्रोत एरवी आपल्या मर्यादेखाली राहिले असते ते यादीत येतात. म्हणजे पुढे संख्या जास्त, मागे कमी. किती जास्त ते वेगावर ठरतं, शिवाय अंधुक स्रोतांची संख्या किती झपाट्याने वाढते आणि त्यांचा वर्णपट कसा उतरतो या दोन गोष्टींवर, आणि या दोन्ही त्याच यादीतून मोजता येतात. रेडिओ स्रोतांसाठी अपेक्षा साधारण अर्ध्या टक्क्याची.

अर्धा टक्का पकडायचा तर स्रोत भरपूर लागतात. एक लाख मोजले तर नुसत्या योगायोगाने ३१६ इकडेतिकडे होतात, म्हणजे ०.३ टक्के. म्हणून लाखांनी, शक्यतो दहा लाखांनी हवेत आणि तेही जवळपास सगळ्या आकाशातून.

२००२ ला ब्लेक आणि वॉल यांनी एनव्हीएसएस या रेडिओ सर्व्हेवर हे केलं, दिशा जुळली आणि आकारही अनिश्चिततेच्या मर्यादेत बसला. पण २०११ ला अशोक सिंगल यांनी तीच यादी वेगळ्या पद्धतीने तपासली तर वेग आला सेकंदाला १६०० किमीच्या घरात! दिशा तीच, वेग चौपट. मग २०२१ ला सीक्रेस्ट आणि सहकारी (त्यात रमीझ आणि सुबीर सरकारही आहेत) यांनी वाइज उपग्रहाच्या इन्फ्रारेड निरीक्षणांतून १३ लाख ६० हजार क्वेसार घेतले. उपकरण वेगळं, तरंगलांबी वेगळी, स्रोत वेगळे. अपेक्षा होती ०.७ टक्क्याची, आलं १.५५ टक्के. दुप्पटीहून जास्त, ४.९ सिग्मा (हा आकडा जितका मोठा तितकी निव्वळ योगायोगाची शक्यता कमी). २०२५ मध्ये बोमे आणि सहकाऱ्यांनी लोफारसकट तीन रेडिओ सर्व्हे एकत्र करून अपेक्षेच्या साडेतीन पटींहून जास्त डायपोल दाखवला, ५.४ सिग्मा.

दिशा प्रत्येक वेळी सीएमबीच्या आसपासच येते. आकार मात्र वारंवार मोठा. दिशा भलतीकडेच आली असती तर मी हे सगळं सोडून दिलं असतं.

साशंक_सुधा (१४ डिसेंबर, सकाळी १०:३०)

मोजणीदार, मांडणी छान आहे पण तुम्ही एकच बाजू सांगितलीत. मी डेटाच्या कामात आहे (खगोलशास्त्र नाही) आणि टक्क्याच्या पातळीवरचा फरक म्हटलं की मला आधी मोजणीच्या पद्धतीवर संशय येतो.

आकाशाच्या एका भागात सर्व्हेची संवेदनशीलता एक टक्क्याने जरी जास्त असेल तरी तिथे जास्त स्रोत दिसतात, संपला विषय. वाइज उपग्रह ध्रुवांजवळच्या भागावरून जास्त वेळा जातो म्हणून क्रांतिवृत्तापासूनच्या अंतरानुसार संख्येत कल दिसतो, तो लेखकांना दुरुस्त करावा लागला. जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या टीजीएसएस सर्व्हेत तर डायपोल इतका अवाढव्य आला की बहुतेकांनी तो फ्लक्स कॅलिब्रेशनचा, म्हणजे स्रोतांची तेजस्विता मोजण्याच्या मापाचा दोष मानला. ते आपल्या देशातलं उपकरण आहे आणि त्याचं काम उत्कृष्ट आहे, तरी एवढ्या मोठ्या कोनांवर टक्क्याची एकसमानता राखणं कुणालाही सोपं नाही.

आणि विरुद्ध निकालही आहेत ना. २०२२ ला डार्लिंग यांनी व्हीलास आणि रॅक्स हे दोन रेडिओ सर्व्हे जोडले आणि उत्तर सीएमबीशी जुळलं. २०२४ ला गाया उपग्रहाच्या क्वेसार यादीवर, क्वाया म्हणतात तिला, मित्तल आणि सहकाऱ्यांचं विश्लेषणही सीएमबीशी सुसंगत आलं. ते का नाही सांगितलंत?

मोजणीदार (१४ डिसेंबर, दुपारी १:२०)

सुधाताई, क्वायाचा निकाल महत्त्वाचा आहे, मान्य. पण त्यात आकाशगंगेच्या धुळीमुळे किती भाग झाकायचा यावर उत्तर बरंच हलतं आणि अनिश्चितता मोठी आहे, त्यामुळे तो सीएमबीशी जुळतो याचा अर्थ तो वाइजच्या निकालाला खोडतो असा होत नाही. आणि संवेदनशीलतेचा दोष म्हणाल तर रेडिओ दुर्बिणीचा दोष आणि अवकाशातल्या इन्फ्रारेड दुर्बिणीचा दोष, दोघंही आपापल्या चुका करताना सिंह-चषकाकडेच का बोट दाखवतील? माझ्यासाठी हा प्रश्न सगळ्यात वजनदार आहे.

साशंक_सुधा (१४ डिसेंबर, दुपारी १:५५)

कारण खरा डायपोल तिथे आहेच! खऱ्या संकेतावर दोषाची भर पडली तर बेरजेची दिशा खऱ्याच्या आसपास राहू शकते. शिवाय "आसपास" म्हणजे वीस-तीस अंशसुद्धा धरले जातात. जवळच्या दीर्घिकांची रचनाही त्याच बाजूला जास्त दाट आहे, नाहीतर आपण तिकडे ओढलेच गेलो नसतो. यादीत थोडे जवळचे स्रोत शिरले तरी डायपोल फुगणार.

मोजणीदार (१४ डिसेंबर, दुपारी २:१५)

जवळच्यांचा मुद्दा चांगला आहे, रेडिओ याद्यांत तो खरोखर त्रास देतो कारण तिथे अंतरच माहीत नसतं. क्वेसारांत कमी, बहुतेक सगळे फार लांबचे आहेत.

शंकासुर (१४ डिसेंबर, सायं ७:००)

समजा मोजणीदार बरोबर आहेत. मग परिणाम काय? खरा वेग ८०० आहे असं म्हणायचं का?

निरभ्र (१४ डिसेंबर, रात्री ८:३०)

नाही, तसं म्हणून भागत नाही. वेग खरोखर ८०० असता तर सीएमबीचा डायपोलही त्याच प्रमाणात मोठा दिसला असता. दोन्ही एकाच वेळी खरे असतील तर अर्थ असा की क्वेसारांची सरासरी चौकट आणि सीएमबीची चौकट एक नाहीत. आणि मोठ्या अंतरांवर विश्व सगळीकडे, सगळ्या दिशांना सारखंच आहे हे जे आपण गृहीत धरतो, ज्यावर पुढचं जवळजवळ सगळं गणित उभं आहे, तिथेच तडा जातो. म्हणून मी सुरुवातीला म्हटलं की हे हबल टेन्शनपेक्षा मोठं आहे. तिथे एका आकड्यावर वाद आहे, इथे पायावर.

सुपरनोव्हांचाच, म्हणजे ताऱ्यांच्या स्फोटांचाच विचार करा, विश्वाच्या प्रसरणाचा प्रवेग त्यांच्यावरून काढतात. त्यांचे रेडशिफ्ट (प्रकाश किती लालसर झालाय ते प्रमाण) वापरण्याआधी आपली गती वजा करून सीएमबीच्या चौकटीत आणतात. २०१९ मध्ये सरकार आणि सहकाऱ्यांनी दावा केला की असं न करता बघितलं तर विश्वाचा प्रवेग एका दिशेलाच जास्त दिसतो. त्यावर रुबिन आणि हाइटलाउफ यांनी लगेच आक्षेप घेतले आणि बहुतेक लोकांना ते आक्षेप पटले.

साशंक_सुधा (१४ डिसेंबर, रात्री ९:१०)

मला पण पटले :) आणि २००८ चा "डार्क फ्लो" आठवतो का? काश्लिन्स्की आणि मंडळींनी म्हटलं होतं की दीर्घिकासमूह प्रचंड अंतरांपर्यंत एकाच दिशेला वाहतायत. प्लँकने नंतर बघितलं तर तसा प्रवाह काही सापडला नाही. म्हणून म्हणते, सबुरीने घ्या.

ओवी_के (१४ डिसेंबर, रात्री ९:४०)

मला या भांडणातून सगळ्यात जास्त शिकायला मिळतंय, थांबू नका.

चित्रा_स्वाती (१५ डिसेंबर, सकाळी ७:२५)

भांडण चालू द्या, तेवढ्यात मला सगळ्यात जास्त भावलेलं मोजमाप सांगते. गायाने २०२० च्या अखेरीस वेग नाही, चक्क *प्रवेग* मोजला. सूर्य आकाशगंगेभोवती वळतो म्हणजे त्याच्या गतीची दिशा सतत बदलते, त्यामुळे ॲबरेशनही बदलतं आणि दूरचे क्वेसार वर्षाला ५ मायक्रोविकला एवढे आकाशगंगेच्या केंद्राच्या दिशेने सरकताना दिसतात. मायक्रोविकला म्हणजे अंशाच्या छत्तीसशेव्या भागाचा दहालाखावा भाग! सोळा लाख क्वेसारांची सरासरी काढली तेव्हा ते दिसलं. त्यावरून सूर्यमालेचा वेग वर्षाकाठी सेकंदाला फक्त ७ मिलिमीटरने बदलतो असं निघतं.

सेकंदाला ३७० किमी चालताना ७ मिलिमीटरचा बदल माणसाने पकडला. मी हे वाचलं त्या दिवशी दुसरं काही सुचलं नाही.

आकडेमोड (१५ डिसेंबर, सकाळी ९:००)

क्या बात है. आणि वेग आणि प्रवेग यातला फरकही इथे छान कळतो. प्रवेग ओळखायला काठ लागत नाही, तो बंद खोलीतही तत्त्वतः कळतो. (अर्थात सूर्य मुक्त पडतोय, त्यामुळे इथे क्वेसारांकडे बघावंच लागतं.)

शंकासुर (१५ डिसेंबर, रात्री ८:१५)

आता सरळ विचारतो. शाळेतल्या मुलाला सांगायचं झालं तर कुठला आकडा सांगायचा? ३०, २३०, ३७० की ६२०?

अक्षांश (१५ डिसेंबर, रात्री ८:४०)

चारही, पण प्रत्येकापुढे "कशाच्या संदर्भात" लावून. ३७० सांगताना सीएमबीच्या संदर्भात असं म्हटलं तर त्यात आजही कुणाचं दुमत नाही, अगदी मोजणीदारांचंही नसावं.

मोजणीदार (१५ डिसेंबर, रात्री ९:०२)

नाही. सीएमबीच्या संदर्भात ३७०, सही करतो. माझा वाद फक्त "म्हणून विश्वातल्या पदार्थाच्या संदर्भातही ३७०" या उडीवर आहे.

साशंक_सुधा (१५ डिसेंबर, रात्री ९:२०)

ती उडी तपासायलाच हवी, त्यात आपण दोघं एकाच बाजूला. फक्त तुम्ही म्हणता तडा दिसला, मी म्हणते फूटपट्टी तपासा.

रानवारा (१५ डिसेंबर, रात्री ९:३५)

मग कळणार कधी? कोणी नवीन मोजतंय का?

मोजणीदार (१५ डिसेंबर, रात्री १०:१०)

मोजतायत. युक्लिड ही दुर्बीण २०२३ पासून अवकाशात आहे, स्फिअरएक्स उपग्रह मार्च २०२५ मध्ये गेला आणि तो तर सगळं आकाश इन्फ्रारेडमध्ये शंभराहून जास्त रंगांत बघतोय, म्हणजे अंतरांचाही अंदाज येईल आणि सुधाताईंचा जवळच्या स्रोतांचा मुद्दा थेट तपासता येईल. रुबिन वेधशाळेने २०२५ मध्ये पहिली छायाचित्रं दिली, पण तिला दक्षिणेकडचंच आकाश दिसतं. सगळ्यात जास्त आशा एसकेए या उभारल्या जात असलेल्या महाकाय रेडिओ दुर्बिणीची, भारत त्यात सदस्य आहे.

माझी इच्छा एवढीच की यादी हातात येण्याआधीच सगळ्यांनी लिहून ठेवावं की कुठला भाग झाकणार, किती अंधुक स्रोतांपर्यंत मोजणार. उत्तर बघून मग मर्यादा ठरवली की दोन्ही बाजूंना हवं ते काढता येतं.

साशंक_सुधा (१५ डिसेंबर, रात्री १०:१८)

याला माझं पूर्ण अनुमोदन. आणि कृत्रिम याद्या बनवून त्यात ठरावीक डायपोल घालायचा, विश्लेषण करणाऱ्याला तो सांगायचा नाही, आणि त्याने तोच परत काढून दाखवायचा. माझ्या कामात याशिवाय पान हलत नाही.

ओवी_के (१५ डिसेंबर, रात्री १०:४०)

स्फिअरएक्सला सगळं आकाश एकदा पूर्ण करायला किती वेळ लागतो?

मोजणीदार (१५ डिसेंबर, रात्री १०:५२)

सहा महिने. दोन वर्षांत चार वेळा होईल. त्यामुळे चार वेगवेगळे नकाशे एकमेकांशी ताडून बघता येतील, पहिल्यात दिसलेला कल चौथ्यातही आहे का ते कळेल. पहिले क्वेसार डायपोलचे निबंध आले की इथेच टाकतो.